क्वोमिंतांगचे बहुपक्षीय लोकशाहीतील स्थित्यंतर

क्वोमिंतांग (अर्थ: राष्ट्रीय जनता पक्ष) हा चिनी प्रजासत्ताकातील, म्हणजेच तैवानमधील, एक प्रमुख राजकीय पक्ष आहे. १९४९ ते १९८७ या काळात तैवानमध्ये लष्करी कायदा लागू होता आणि या पक्षाची तेथे एकपक्षीय राजवट होती. १९८६ ते २००० या काळात मोठा रक्तपात न होता ही राजवट बहुपक्षीय लोकशाहीत रूपांतरित झाली. २००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पराभूत झाल्यावर पक्षाने सत्ता सोडली आणि २००८ साली निवडणुकीच्याच मार्गाने ती परत मिळवली. दीर्घकाळ सत्ताधारी असलेला पक्ष खुल्या स्पर्धेशी कसा जुळवून घेतो, या प्रश्नाच्या अभ्यासात क्वोमिंतांगचे उदाहरण वारंवार दिले जाते. पक्ष व राज्यसंस्था यांची फारकत, पक्षाची संपत्ती आणि दडपशाहीच्या काळाचे उत्तरदायित्व हे या स्थित्यंतरातील तीन कळीचे मुद्दे असून त्यांवरील वाद अद्याप पूर्णपणे मिटलेले नाहीत.

पार्श्वभूमी

क्वोमिंतांगची स्थापना १९१२ साली झाली. सुन यात-सेन हे पक्षाचे संस्थापक नेते होत. राष्ट्रवाद, लोकशाही व जनतेची उपजीविका ही त्यांची तीन तत्त्वे पक्षाच्या विचारसरणीचा पाया मानली जातात. १९२४ साली सोव्हिएत सल्लागारांच्या साहाय्याने पक्षाची पुनर्रचना झाली आणि केंद्रीय समिती, तळापर्यंत पोहोचणारी पक्षघटके व सैन्यातील राजकीय अधिकारी अशी लेनिनवादी धाटणीची रचना त्याने स्वीकारली. विचारसरणीने साम्यवादविरोधी असलेल्या या पक्षाची बांधणी मात्र साम्यवादी पक्षासारखी होती. ही विसंगती पुढील घडामोडी समजून घेण्यासाठी महत्त्वाची ठरते.

सुन यात-सेन यांच्या मांडणीनुसार राष्ट्राची वाटचाल लष्करी शासन, पक्षाच्या पालकत्वाखालील शासन आणि घटनात्मक शासन अशा तीन टप्प्यांतून व्हावयाची होती. एकपक्षीय सत्ता हा मधला, तात्पुरता टप्पा होता. अंतिम ध्येय म्हणून लोकशाही कागदोपत्री कायम मान्य असल्यामुळे पुढे विरोधकांना पक्षाच्याच वचनांचा आधार घेऊन त्याला जाब विचारता आला.

तैवान बेट १८९५ ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते क्वोमिंतांग सरकारच्या प्रशासनाखाली आले. भ्रष्टाचार, महागाई व स्थानिकांना मिळणारी दुय्यम वागणूक यांमुळे असंतोष वाढत गेला. २७ फेब्रुवारी १९४७ रोजी ताइपेइमध्ये चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका स्त्रीला मारहाण झाल्याच्या निमित्ताने त्याचा उद्रेक झाला. मुख्य भूमीवरून आलेल्या सैन्याने हा उठाव चिरडला. ही घटना '२२८ प्रकरण' या नावाने ओळखली जाते. सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाच्या १९९२ मधील अहवालात मृतांचा आकडा १८,००० ते २८,००० इतका अंदाजण्यात आला आहे.

एकपक्षीय राजवटीची रचना

चिनी यादवी युद्धातील पराभवानंतर च्यांग कै-शेक यांचे सरकार डिसेंबर १९४९ मध्ये ताइपेइ येथे आले. त्यापूर्वीच, २० मे १९४९ पासून, तैवानमध्ये लष्करी कायदा लागू झाला होता. १९४७ची राज्यघटना अस्तित्वात होती. तथापि १९४८च्या 'तात्पुरत्या तरतुदीं'नी तिच्यातील महत्त्वाची कलमे स्थगित करून राष्ट्राध्यक्षांना विशेष अधिकार दिले होते. राष्ट्रीय सभा व कायदेमंडळ (विधान युआन) यांचे सदस्य १९४७-४८ साली संपूर्ण चीनमधून निवडून आले होते. मुख्य भूमीवर पुन्हा निवडणूक घेणे शक्य नाही, या कारणास्तव त्यांची मुदत अनिश्चित काळासाठी वाढविण्यात आली. जनतेत या सभागृहांना उपरोधाने 'दहा हजार वर्षांची संसद' म्हटले जाई.

नव्या पक्षांच्या स्थापनेस बंदी होती. वृत्तपत्रांच्या परवान्यांची संख्या ३१ वर गोठविण्यात आली होती व पानांच्या संख्येवरही मर्यादा होती. शाळांमध्ये मँडारिन भाषेची सक्ती होती आणि घरची तैवानी बोली बोलल्याबद्दल विद्यार्थ्यांना शिक्षा होत असे. राजकीय संशयितांवर लष्करी न्यायालयांत खटले चालविले जात. या काळास 'श्वेत दहशतीचा काळ' असे संबोधले जाते.

तथापि केवळ बळाच्या आधारे ही राजवट टिकली नाही. १९४९ ते १९५३ या काळात खंड कमी करणे, सरकारी जमिनींची विक्री आणि 'कसेल त्याची जमीन' या तीन टप्प्यांत जमीनसुधारणा झाली. पक्षाचे नेतृत्व मुख्य भूमीवरून आलेले असल्याने स्थानिक जमीनदारांशी त्याचे हितसंबंध जोडलेले नव्हते. त्यामुळे या सुधारणा राबविणे त्याला तुलनेने सोपे गेले. पुढील दशकांत झपाट्याने झालेल्या औद्योगिक वाढीने पक्षाला कार्यक्षमतेची प्रतिष्ठा मिळवून दिली.

स्थानिक निवडणुका आणि गटांचे राजकारण

१९५० पासून तैवानमध्ये परगणा प्रमुख, नगराध्यक्ष व स्थानिक परिषदा यांच्या निवडणुका नियमितपणे होऊ लागल्या. राष्ट्रीय सत्तेला धक्का न लावता स्थानिक पातळीवर स्पर्धेला मर्यादित वाव देणारी ही व्यवस्था होती. क्वोमिंतांगने प्रत्येक परगण्यातील प्रभावी घराणी व गट हाताशी धरले. पतसंस्था, शेतकरी संघ, बसवाहतुकीचे परवाने आणि सार्वजनिक बांधकामाची कंत्राटे यांच्या द्वारे त्यांना लाभ मिळत असे. त्या बदल्यात ते मते मिळवून देत. एकाच परगण्यात दोन प्रतिस्पर्धी गट पोसून त्यांपैकी कोणालाही अतिप्रबळ होऊ न देणे, ही पक्षाची रीत होती.

परिषदा व सभागृहांच्या निवडणुकांत बहुसदस्यीय मतदारसंघ असत आणि प्रत्येक मतदाराला एकच मत असे. अशा पद्धतीत एका पक्षाचे अनेक उमेदवार एकाच मतदारसंघात उभे राहतात. एखाद्या लोकप्रिय उमेदवाराला गरजेपेक्षा अधिक मते पडली, तर त्याचेच सहकारी पराभूत होतात. म्हणून कोणत्या वस्तीने कोणाला मत द्यावयाचे याची काटेकोर वाटणी करावी लागते. क्वोमिंतांगजवळ अशी वाटणी करू शकणारी यंत्रणा होती. विस्कळीत विरोधकांजवळ ती नव्हती.

या निवडणुकांचे दोन परिणाम झाले. खुल्या लोकशाहीचा काळ आला तेव्हा उमेदवार निवडणे, प्रचार करणे व मते मिळविणे यांचा जवळजवळ चार दशकांचा अनुभव पक्षाच्या गाठीशी होता. त्याचबरोबर मतदारांना मतपेटीची सवय लागली आणि पक्षबाह्य उमेदवारांना एक व्यासपीठ मिळाले. हे विरोधक 'तांगवाय' (पक्षाबाहेरचे) या नावाने ओळखले जात.

सुधारणांकडे वाटचाल (१९७१–१९८७)

१९७१ साली संयुक्त राष्ट्रसंघातील चीनची जागा साम्यवादी सरकारला मिळाली. १ जानेवारी १९७९ पासून अमेरिकेनेही बीजिंगला मान्यता दिली. 'संपूर्ण चीनचे एकमेव वैध सरकार' हा दावा राजवटीचा नैतिक आधार होता. तो डळमळीत झाल्यावर पक्षाला तैवानी जनतेच्या संमतीत नवा आधार शोधणे भाग पडले. १९७२ साली पंतप्रधान व १९७८ साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या च्यांग चिंग-क्वो यांनी तैवानमध्ये जन्मलेल्या व्यक्तींना पक्षात व शासनात वरच्या जागा देण्याचे धोरण अवलंबिले. १९८४ साली ली तेंग-हुई यांची उपराष्ट्राध्यक्षपदी झालेली निवड हा या धोरणाचा परिपाक होता.

ही वाटचाल सरळ मात्र नव्हती. १० डिसेंबर १९७९ रोजी काओस्युंग येथे मानवी हक्क दिनाच्या मोर्चाचे पर्यवसान चकमकीत झाले आणि विरोधी नेत्यांची धरपकड झाली. १९८० साली आठ प्रमुख आरोपींवर लष्करी न्यायालयात खटला चालला. त्याची वृत्ते वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाल्याने विरोधकांची भूमिका प्रथमच घरोघरी पोहोचली. आरोपी व त्यांचे वकील यांच्यातूनच विरोधी नेतृत्वाची पुढची पिढी घडली. आरोपींपैकी लू श्यू-ल्येन या २००० साली उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, तर बचाव पक्षाच्या वकिलांपैकी चेन श्वी-ब्यान राष्ट्राध्यक्ष झाले.

२८ सप्टेंबर १९८६ रोजी ताइपेइ येथील ग्रँड हॉटेलमध्ये डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी अर्थात लोकशाही प्रगतिशील पक्षाची स्थापना झाली. त्या वेळच्या कायद्यानुसार ही कृती बेकायदेशीर होती. च्यांग चिंग-क्वो यांनी कारवाई न करण्याचा निर्णय घेतला. पुढच्याच महिन्यात एका अमेरिकी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत लष्करी कायदा उठविण्याचा मानस त्यांनी जाहीर केला. १५ जुलै १९८७ रोजी हा कायदा रद्द झाला. नोव्हेंबर १९८७ पासून मुख्य भूमीवरील नातलगांच्या भेटीस परवानगी मिळाली आणि १ जानेवारी १९८८ रोजी वृत्तपत्रांवरील निर्बंध उठले. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, १३ जानेवारी १९८८ रोजी, च्यांग यांचे निधन झाले.

ली तेंग-हुई यांचा काळ (१९८८–२०००)

च्यांग यांच्यानंतर ली तेंग-हुई राष्ट्राध्यक्ष व पक्षाध्यक्ष झाले. तैवानमध्ये जन्मलेली व्यक्ती या पदांवर येण्याची ही पहिलीच वेळ होती. पक्षातील जुन्या, मुख्य भूमीवरून आलेल्या नेत्यांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि १९९० साली 'मुख्य प्रवाह' व 'मुख्य प्रवाहाबाहेरील' अशी पक्षात उघड दुफळी माजली. मार्च १९९० मध्ये विद्यार्थ्यांनी ताइपेइच्या चौकात 'रानलिली' आंदोलन केले. ली यांनी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींची भेट घेतली व राष्ट्रीय परिषद बोलाविण्याचे आश्वासन दिले. त्यानुसार झालेल्या परिषदेत विरोधी नेतेही सहभागी झाले. पक्षांतर्गत विरोधकांना शह देण्यासाठी पक्षाबाहेरील जनमताचा उपयोग करणे, हे ली यांच्या राजकारणाचे वैशिष्ट्य होते.

जून १९९० मध्ये घटनात्मक न्यायमंडळाने निर्णय दिला की जुन्या सदस्यांनी ३१ डिसेंबर १९९१ पर्यंत पदे सोडावीत. १ मे १९९१ रोजी 'तात्पुरत्या तरतुदी' संपुष्टात आल्या. डिसेंबर १९९१ मध्ये राष्ट्रीय सभेची व डिसेंबर १९९२ मध्ये कायदेमंडळाची संपूर्ण निवडणूक तैवानमधूनच झाली. पहिल्या निवडणुकीत क्वोमिंतांगला सुमारे ७१ टक्के, तर दुसऱ्या निवडणुकीत सुमारे ५३ टक्के मते मिळाली. २३ मार्च १९९६ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची पहिली थेट निवडणूक झाली. चीनने तैवानच्या सागरी परिसरात क्षेपणास्त्र चाचण्या करून दबाव आणला असतानाही ली ५४ टक्के मतांनी विजयी झाले.

भूतकाळाच्या संदर्भातही या काळात बदल झाला. फेब्रुवारी १९९५ मध्ये ली यांनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने २२८ प्रकरणाबद्दल पीडितांच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली. चाळीस वर्षे ज्या घटनेचा उच्चारही धोक्याचा होता, तिच्या स्मरणार्थ १९९७ पासून २८ फेब्रुवारी हा सार्वजनिक सुटीचा दिवस ठरला.

यशाची किंमत

लोकशाहीकरण होत असतानाही पक्ष निवडणुका जिंकत राहिला, परंतु त्यासाठी त्याला तिहेरी किंमत मोजावी लागली.

पहिली किंमत फुटीची होती. ली यांचे तैवानकेंद्रित धोरण न पटलेल्या तरुण नेत्यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये नव पक्ष स्थापन केला. सत्तेच्या एकाधिकारामुळे जे मतभेद पक्षाच्या भिंतींआड राहत, त्यांना आता बाहेर स्वतंत्र घर मिळू लागले.

दुसरी किंमत भ्रष्टाचाराची होती. राष्ट्रीय निवडणुका खुल्या झाल्यावर स्थानिक गटांचे महत्त्व वाढले. पूर्वी पक्ष गटांना अंकित ठेवीत असे. आता पक्षच त्यांच्या मतांवर अवलंबून राहू लागला. गुन्हेगारी टोळ्या व पैसा यांच्या राजकारणातील शिरकावाला तैवानमध्ये 'काळे-सोने' म्हणत, आणि याच मुद्द्यावर विरोधकांनी शहरी मध्यमवर्गाची मने जिंकली. १९९४ साली ताइपेइचे महापौरपद विरोधी पक्षाकडे गेले. १९९७च्या परगणा व नगराध्यक्ष निवडणुकांत विरोधी पक्षाने क्वोमिंतांगला मागे टाकले.

तिसरी किंमत वारसदाराच्या प्रश्नाची होती. नेता वरून नेमण्याची परंपरा असलेल्या पक्षात उमेदवारीचा वाद सोडविणारी सर्वमान्य पद्धत नव्हती. २००० साली ली यांनी उपराष्ट्राध्यक्ष ल्यान चान यांना पुढे केले. तेव्हा लोकप्रिय माजी प्रांतप्रमुख जेम्स सूंग अपक्ष म्हणून उभे राहिले. १८ मार्च २००० रोजी चेन श्वी-ब्यान यांना ३९.३ टक्के, सूंग यांना ३६.८ टक्के आणि ल्यान यांना २३.१ टक्के मते मिळाली. सूंग व ल्यान यांच्या मतांची बेरीज जवळपास ६० टक्के भरते. म्हणजेच पक्षाचा पराभव प्रामुख्याने त्याच्या फुटीमुळे झाला.

सत्तांतर आणि पुनर्बांधणी (२०००–२००८)

निकालानंतर पक्षाच्या मुख्यालयासमोर संतप्त समर्थकांनी निदर्शने केली. त्यांचा रोष प्रामुख्याने ली यांच्यावर होता. ली यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. सैन्याने तटस्थता राखली आणि मे २००० मध्ये सत्तांतर सुरळीत पार पडले. पक्षाशी निष्ठा शिकविलेल्या सैन्याने विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचे आदेश मान्य करणे, ही या स्थित्यंतराची खरी कसोटी होती.

त्यानंतर पक्षाने सदस्यांची नव्याने नोंदणी केली. कागदावरील वीस लाखांहून अधिक सदस्यसंख्या त्यामुळे दहा लाखांच्याही खाली आली. २००१ पासून पक्षाध्यक्षाची निवड सदस्यांच्या थेट मतदानाने होऊ लागली. ली यांची त्याच वर्षी पक्षातून हकालपट्टी झाली. डिसेंबर २००१ मध्ये कायदेमंडळातील सर्वांत मोठ्या पक्षाचे स्थानही क्वोमिंतांगने गमावले. २००४ साली ल्यान व सूंग एकत्र लढले, परंतु ४९.८९ विरुद्ध ५०.११ टक्के अशा निसटत्या फरकाने पराभूत झाले.

२००५ साली ल्यान यांनी बीजिंगमध्ये हू चिंताव यांची भेट घेतली. यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन पक्षांतील हा संवाद पुढे क्वोमिंतांगच्या निवडणूक प्रचाराचा भाग झाला. चीनशी व्यवहार करण्याची क्षमता केवळ आपल्याकडे आहे, असे तो मतदारांना सांगू लागला. त्याच वर्षी मा यिंग-ज्यू पक्षाध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्ष भवनासमोर असलेली पक्षाची भव्य मुख्यालय-इमारत २००६ मध्ये विकण्यात आली. २००८ साली पक्षाने कायदेमंडळातील ११३ पैकी ८१ जागा जिंकल्या आणि मा ५८.४५ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

२००८ नंतरचा काळ

मा यांच्या कारकिर्दीत चीनशी आर्थिक सहकार्याचा आराखडा-करार (२०१०) झाला. सेवा-व्यापार कराराच्या विरोधात मार्च २०१४ मध्ये विद्यार्थ्यांनी कायदेमंडळाच्या सभागृहाचा ताबा घेतला; हे आंदोलन 'सूर्यफूल आंदोलन' म्हणून ओळखले जाते. २०१६ साली त्साय इंग-वेन यांच्या नेतृत्वाखाली लोकशाही प्रगतिशील पक्षाने राष्ट्राध्यक्षपद व कायदेमंडळातील बहुमत दोन्ही जिंकले. क्वोमिंतांगला ३५ जागा मिळाल्या. २०१८च्या स्थानिक निवडणुकांत २२ पैकी १५ परगणे व शहरे जिंकून पक्ष सावरला, परंतु २०२० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पुन्हा पराभूत झाला.

जानेवारी २०२४ मध्ये लाय चिंग-ते सुमारे ४० टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. तथापि कायदेमंडळात क्वोमिंतांगला ५२ व सत्ताधारी पक्षाला ५१ जागा मिळून कोणासही बहुमत मिळाले नाही. २०२५च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत क्वोमिंतांगच्या ३१ सदस्यांना परत बोलाविण्यासाठी मतदान झाले. सर्व सदस्यांनी आपली पदे राखली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षाध्यक्षपदी निवडून आलेल्या चंग ली-वुन या एकेकाळी लोकशाही प्रगतिशील पक्षात होत्या.

पक्षसंपत्तीचा प्रश्न

एकपक्षीय काळात पक्षाची तिजोरी व राज्याची तिजोरी यांतील सीमारेषा धूसर होती. जपानी मालकीच्या काही मालमत्ता, उदाहरणार्थ चित्रपटगृहे, १९४५ नंतर पक्षाकडे आल्या. पुढे पक्षाने नभोवाणी, दूरचित्रवाणी, चित्रपटनिर्मिती व अन्य उद्योगांत गुंतवणूक केली. क्वोमिंतांग हा जगातील सर्वांत श्रीमंत पक्षांपैकी एक म्हणून ओळखला जाई. एका पक्षाकडे उद्योगसमूह आणि दुसऱ्याकडे केवळ वर्गणी असताना स्पर्धा समान पातळीवर होऊ शकत नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. आपली बहुतांश संपत्ती वैध मार्गाने मिळाली असून चौकशीचा हेतू राजकीय सूडाचा आहे, अशी क्वोमिंतांगची भूमिका राहिली.

२०१६ साली कायदेमंडळाने पक्षांच्या अवैध संपत्तीच्या चौकशीसाठी कायदा केला व स्वतंत्र समिती नेमली. पक्षाची खाती गोठविण्यात आली आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न निर्माण झाला. २०२० साली घटनात्मक न्यायमंडळाने हा कायदा घटनेशी सुसंगत असल्याचा निर्वाळा दिला.

इतर देशांशी तुलना

मेक्सिकोतील इन्स्टिट्यूशनल रिव्होल्यूशनरी पार्टी १९२९ पासून २००० पर्यंत सत्तेत होती. तिनेही २००० सालीच सत्ता गमावली व २०१२ साली ती परत मिळवली. इंडोनेशियात सुहार्तो यांच्या पतनानंतर त्यांचा गोलकार पक्ष टिकून राहिला आणि २००४च्या संसदीय निवडणुकीत प्रथम क्रमांकावर आला. याउलट झांबियात केनेथ काउंडा यांचा पक्ष १९९१ सालच्या पराभवानंतर क्षीण होत गेला. भारतातील काँग्रेसचे उदाहरण या गटात बसत नाही. दीर्घकाळ सत्तेत असली तरी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती बहुपक्षीय स्पर्धेतच होती.

मूल्यमापन

क्वोमिंतांगने लोकशाही स्वेच्छेने दिली की ती देणे त्याला भाग पडले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एक पक्ष च्यांग चिंग-क्वो व ली तेंग-हुई यांच्या निर्णयांना प्राधान्य देतो. दुसरा पक्ष विरोधकांचा कारावास, विद्यार्थ्यांची आंदोलने व आंतरराष्ट्रीय दबाव यांकडे लक्ष वेधतो. तिसऱ्या मतानुसार पक्षाला खुल्या निवडणुकीतही आपणच जिंकू असा विश्वास होता आणि तो विश्वास असेपर्यंतच सुधारणा करणे त्याने पसंत केले. १९९१ ते १९९६ या काळातील निकाल या मताला पुष्टी देतात.

पराभवानंतर पक्ष टिकला, याचे श्रेय सामान्यतः स्थानिक संघटना, निवडणुकांचा अनुभव व प्रशासकीय कार्यक्षमतेची प्रतिमा यांना दिले जाते. स्थानिक निवडणुकांत तो आजही बलवान आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मात्र स्वतःला चिनीऐवजी तैवानी मानणाऱ्या तरुण मतदारांपर्यंत पोहोचणे त्याला कठीण जाते. संपूर्ण चीनचा पक्ष म्हणून जन्मलेल्या या संघटनेचे भवितव्य आज केवळ तैवानच्या मतदारांच्या हाती आहे.